चायनाटाउनच्या वैद्यबाईंकडे तीन महिने: साखरेवरचा चिनी काढा

माझी पहिली भेट दहा मिनिटांत संपली, कारण मी सकाळी रोजच्यासारखी जीभ घासून गेले होते.

वैद्यबाईंनी जीभ बाहेर काढायला सांगितली, छोट्या टॉर्चने पाहिली आणि माझ्यासोबत आलेल्या शेजारच्या आंटींना मँडरिनमध्ये काहीतरी विचारलं. आंटी माझ्याकडे वळल्या, "तुम्ही जीभ घासता का?" म्हटलं, घासते, लहानपणापासून. वैद्यबाई म्हणाल्या, जिभेवरचा थर बघून मला बरंच कळतं आणि तोच तुम्ही काढून आलात. परवा या. जीभ घासू नका, कॉफी पिऊ नका. आणि येताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, पाकिटासकट, आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन या. त्या दिवशी त्यांनी पैसे घेतले नाहीत.

त्यांच्याकडे परत जायचं मी त्याच क्षणी ठरवलं. जिभेचं मला काही कळत नाही, पण "सगळ्या गोळ्या, पाकिटासकट" हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. सांगलीत मी २६ वर्षं मेडिकल चालवलं. काउंटरवर आलेल्या माणसाला "आधी काय चालू आहे?" हा प्रश्न विचारायचा असतो आणि तो विचारायला गर्दीत वेळ नसतो, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

आता माझं सांगते. वय ६१. मधुमेह अकरा वर्षांपासून. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. लेक आणि जावई सिंगापुरात तोआ पायोहला राहतात, मी वर्षातले काही महिने त्यांच्याकडे असते. ह्या खेपेला निघताना केलेली एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ८.१ आली होती. रात्री तीनदा उठावं लागायचं, तळव्यांची आग व्हायची आणि तोंड सारखं कोरडं. शेजारच्या आंटींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, माझ्या सिनसेकडे चला. इथे जुनी माणसं चिनी वैद्याला सिनसे म्हणतात.

मी लगेच हो म्हटलं नाही. त्याला कारण माझे धाकटे दीर.

चार वर्षांपूर्वी इचलकरंजीत त्यांना कुणीतरी प्लास्टिकच्या डबीतून काळ्या बारीक गोळ्या दिल्या होत्या. "वहिनी, चायनीज आहेत, ह्यात केमिकल काही नाही, नुसती जडीबुटी," असं त्यांनी मला फोनवर कौतुकाने सांगितलं. डबीवर लेबल नव्हतं. साखर मात्र झपाट्याने उतरली. आठवड्यात उपाशीपोटीची २१० वरून ९५. मी ओरडले की एवढ्या वेगाने झाडपाला काम करत नाही, डबी घेऊन या. ते आणणार होते. त्याआधीच एका पहाटे जाऊबाईंना ते घामाने भिजलेले, हाक मारली तरी ओ न देणारे सापडले. दवाखान्यात साखर निघाली ४१. दोन दिवस सलाईनवर होते. वाचले. त्या डबीत काय होतं ते कुणी तपासलं नाही, त्यामुळे मी खात्रीने सांगू शकत नाही. पण ज्यांनी मेडिकल चालवलंय त्यांना अशी पडलेली साखर कशाची असू शकते ते माहीत आहे.

म्हणून हा लेख. "चिनी औषधाने साखर बरी होते का?" असं मला मैत्रिणी विचारतात. मी तीन महिने घेतलं, रोज साखर तपासली, खर्च लिहून ठेवला, ते सगळं सांगते. दुकानाचं नाव देत नाही. मी एकाच ठिकाणी, एकाच बाईंकडे गेले आहे. नाव दिलं की लोक तो काढा मागवायला लागतील, आणि माझा काढा दुसऱ्या कुणी प्यायचा नाही.

दुकान चायनाटाउनमध्ये आहे, साउथ ब्रिज रोडवरच्या मारिअम्मन देवळापासून चालत पाच-सात मिनिटांवर. इथे अशा दुकानाला मेडिकल हॉल म्हणतात. आत शिरलं की आधी वास येतो. मला तो आमच्या सांगलीतल्या काष्ठौषधीच्या दुकानासारखा वाटला: ज्येष्ठमध, सुंठ, जुनं लाकूड. ज्येष्ठमध तर चिन्यांच्या बऱ्याच काढ्यांत असतंच. भिंतभर लहान लहान खणांचं कपाट, प्रत्येक खणावर चिनी अक्षरं. काउंटरवरचे आजोबा खण न शोधता हात घालतात, हातातल्या बारीक दांडीच्या काट्यावर तोलतात आणि कागदावर ओळीने ढीग घालत जातात. शेजारी इलेक्ट्रॉनिक काटा होता, तो तोलून झाल्यावर खात्री करायला वापरत होते. ते मला फार आवडलं.

वैद्यबाईंची खोली मागे. दारावर नोंदणीचं प्रमाणपत्र. सिंगापुरात २००० साली ह्यासाठी कायदा झाला, तेव्हापासून चिनी वैद्यांना परीक्षा आणि नोंदणी लागते, आणि वैद्य नोंदणीतला आहे की नाही हे कुणालाही ऑनलाइन पाहता येतं. लेकीने आधीच पाहून ठेवलं होतं. ह्या वैद्यांना अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहून देता येत नाहीत.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मला पस्तीस मिनिटं दिली. मनगटाखाली छोटी उशी ठेवून आधी एका हाताची नाडी, मग दुसऱ्या. तीन बोटं, आपल्या वैद्यांसारखीच. आपल्याकडे त्या तीन बोटांखाली वात, पित्त, कफ बघतात. त्यांच्याकडे प्रत्येक बोटाखाली वेगळी जागा, वेगळे अवयव, हलकं दाबून आणि जोरात दाबून वेगळं. मग प्रश्न. रात्री किती वेळा उठता, तहान थंड पाण्याची लागते की गरम, घाम कुठे येतो, शौचाला रोज होतं का, झोपेत जाग आली की पुन्हा लागते का. शेवटी म्हणाल्या, चपला काढा. तळवे पाहिले, बोटांच्या मधल्या फटी पाहिल्या, कापसाचं टोक फिरवून कळतंय का विचारलं. अकरा वर्षांत माझे पाय कुठल्याच डॉक्टरांनी पाहिले नव्हते. मधुमेही माणसाचे पाय वर्षातून एकदा तरी पाहिलेच पाहिजेत, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

त्यांच्या भाषेत ह्या रोगाला श्याओ-खं म्हणतात, म्हणजे माणसाला झिजवणारी तहान. वरची, मधली, खालची असे तीन प्रकार: वरच्यात तहान, मधल्यात भूक, खालच्यात लघवी. चीनच्या हान राजवटीच्या अखेरीस, दुसऱ्या-तिसऱ्या शतकात, होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग ह्या वैद्याने तर असं लिहून ठेवलंय की रोगी माप भरून पाणी पितो आणि तेवढंच माप भरून त्याला लघवी होते. आपल्याकडे चरक-सुश्रुतांनी लघवीला मुंग्या लागतात ते पाहिलं, त्यांनी माप पाहिलं, आणि सातव्या शतकापर्यंत लघवी गोड असते हेही त्यांच्याकडे लिहिलं गेलं. पण आज आपण ज्याला टाइप टू म्हणतो तो आणि श्याओ-खं एकच, असं धरून चालू नये. माझ्यासारख्या अनेकांना सुरुवातीला तहान, भूक, काहीच नव्हतं. फक्त रिपोर्टात आकडा होता. वैद्यबाईंनी हे स्वतःच सांगितलं: तहान आणि रात्रीचं उठणं ह्यावर मी औषध देते, आकडा तुमच्या डॉक्टरांकडे मोजा.

मग पथ्य. थांग काळातला, म्हणजे सातव्या शतकातला, सुन सिमियाओ हा त्यांचा मोठा वैद्य. त्याने ह्या रोग्याला तीन गोष्टी सांभाळायला सांगितल्या: दारू, शरीरसंबंध, आणि खारट व पिठाचे पदार्थ. ह्या सांभाळल्या तर औषधाविना चालेल, नाही सांभाळल्या तर सोन्याची गोळीही वाचवणार नाही, असं तो म्हणतो. वैद्यबाईंनी मला त्यातलं तिसरं धरून विचारलं, दिवसात गहू किती? मी म्हटलं, सकाळी दोन पोळ्या, रात्री तीन, चहाबरोबर चार बिस्किटं किंवा टोस्ट. त्यांनी ते लिहून घेतलं आणि रात्रीच्या तीनच्या दोन केल्या, बिस्किटं बंद. पोळी काय असते हे त्यांना आंटींनी हाताने गोल करून दाखवलं.

आता औषध. मी चिठ्ठी हातात घेतल्या घेतल्या विचारलं, प्रत्येक वस्तूचं नाव आणि वजन मला इंग्रजीत हवं. चिठ्ठी फक्त चिनीत होती आणि काउंटरवरच्या तरुण मुलाने "त्याची गरज नसते" असं उत्तर दिलं. मी हटले नाही. मग वैद्यबाईंनी स्वतः वनस्पतींची शास्त्रीय नावं लिहून दिली. माझ्या मते ही चिठ्ठी त्यांनी न मागता प्रत्येकाला द्यायला हवी, आणि तेवढ्यासाठी मी दुकानाचा एक तारा कापते.

ती यादी वाचताना मला ओळखीचे चेहरे भेटत गेले. शान याओ हा कंद आपल्या कोनफळाच्या कुळातला. गे गन म्हणजे आपल्या विदारीकंदाचा भाऊबंद. थिएन हुआ फन हे पडवळाच्या कुळातल्या एका वेलीचं मूळ. हुआंग छीच्या लांबट चकत्या, झी मूचे काप, आणि वू वेई त्स म्हणजे पाच चवींचं फळ, लाल-काळं, चावलं तर आधी आंबट लागतं. हा मूळ काढा झांग शीचुन (१८६०–१९३३) ह्या वैद्याचा. अ‍ॅस्पिरिन आणि चिनी जिप्सम एकत्र देऊन बघणारा हा माणूस, दोन्ही शास्त्रं शेजारी ठेवून काम करायचं म्हणणारा. मेडिकलवाल्या बाईला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली तर नवल नाही.

मूळ पाठात सातवी वस्तू आहे, जी नेइ जिन. मी वनस्पतीचं नाव शोधत होते, ते सापडेना. विचारलं तर कळलं, कोंबडीच्या जठराचं आतलं वाळवलेलं अस्तर. आम्ही घरी शाकाहारी. मी सांगताच वैद्यबाईंनी ती काढली, त्याऐवजी काही घातलं नाही आणि चिठ्ठीवर तशी नोंद केली. शाकाहारी वाचकांनो, हे आधीच सांगा. चिनी औषधांत गांडूळ असतं, रातकिड्यासारख्या किड्याची कात असते, शिंपले असतात. तुम्ही विचारल्याशिवाय कुणी सांगणार नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काहीच नाही.

काढा करायची रीत अशी. थंड पाण्यात अर्धा तास भिजवायचं. मातीच्या भांड्यात, लोखंड-अ‍ॅल्युमिनियम नको. तीन वाट्यांची एक वाटी होईपर्यंत मंद आचेवर. गाळून तोच चोथा पुन्हा कमी पाण्यात उकळायचा, दोन्ही एकत्र करून सकाळ-संध्याकाळ कोमट प्यायचा, जेवणानंतर तासाने. आपल्या गोळ्या आणि काढा ह्यांच्यात दोन तासांचं अंतर. लेकीच्या फ्लॅटमध्ये पहिल्या दिवशी वास जिन्यापर्यंत गेला, समोरच्या मलय कुटुंबातल्या आजी दार उघडून चौकशी करून गेल्या. चव कडू असेल अशी माझी तयारी होती. तसा नाही तो. आधी आंबट, मग मातकट, शेवटी घशाशी कडू, आणि कंदामुळे जरा बुळबुळीत. कडू काढ्यानंतर इथे लोक हॉथॉर्न नावाच्या फळाच्या गोड चकत्या खातात. आजोबांनी आंटींच्या पिशवीत त्या टाकल्या, माझ्या टाकल्या नाहीत.

खर्च: तपासणीचे २८ सिंगापुरी डॉलर, सात दिवसांच्या पुड्या ६३ डॉलर. ६५ रुपयांचा डॉलर धरला तर आठवड्याला सहा हजारांच्या आसपास. पुढच्या आठवड्यांत तपासणी दर पंधरा दिवसांनी झाली, पण पुड्यांचे पैसे लागतच राहिले. हा खर्च मोठा आहे आणि मी तो लपवणार नाही. महिनाभराच्या मेटफॉर्मिनला सांगलीत किती लागतात ते तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या आठवड्यात जे झालं ते नीट वाचा.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मी नातवाला घेऊन खाली बागेत होते. दुपारचं जेवण नेहमीपेक्षा कमी झालं होतं, चहाबरोबर काही खाल्लं नव्हतं, बिस्किटं बंदच होती. एकदम हात थरथरायला लागले, घाम आला, नातवाची हाक लांबून आल्यासारखी वाटली. पर्समध्ये मीटर असतो. ६६. पर्समध्ये ग्लुकोजची पूडही असते. तीन चमचे पाण्यात घालून प्यायले, पंधरा मिनिटं बाकावर बसून राहिले, पुन्हा तपासली, ८९. मग वर जाऊन पोळी खाल्ली. सांगायला दोन ओळी लागतात, पण त्या पंधरा मिनिटांत मला दीर दिसत होते.

रात्री वैद्यबाईंना फोन लावला. त्यांचं उत्तर मी जसंच्या तसं आंटींकडून लिहून घेतलं: काढा आजपासून बंद, उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांकडे जा, ते म्हणतील तेव्हाच पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी आमच्या ब्लॉकखालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काढ्याची चिठ्ठी वाचली, माझ्या वहीतले आकडे पाहिले आणि ग्लिमेपिराइड थांबवली. म्हणाले, कमी जेवण, रोजचं चालणं, त्यात ही गोळी. काढ्याचा वाटा किती हे सांगता येणार नाही, पण वाटा नाही असंही म्हणता येणार नाही. त्यांनी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि लिव्हरच्या तपासण्याही सांगितल्या, त्या ठीक आल्या. दहा दिवसांनी, मेटफॉर्मिन तशीच ठेवून, काढा परत सुरू केला. नंतर साखर कधी ८० च्या खाली गेली नाही.

हे नशिबावर अवलंबून राहिलं नाही, कारण वैद्याकडे गोळ्यांची यादी होती आणि डॉक्टरांकडे काढ्याची. दोघांपैकी एकालाही मी अंधारात ठेवलं असतं तर त्या गुरुवारची गोष्ट वेगळी झाली असती. आपल्याकडे कितीतरी माणसं डॉक्टर रागावतील म्हणून काढा लपवतात. काउंटरवर मला हळूच सांगायची, डॉक्टरांना नाही. कृपा करून असं करू नका. रागावू देत.

आता आकडे. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.४. उपाशीपोटीची आधी १६० ते १७० असायची, ती १३० ते १४० मध्ये आली. रात्री आता एकदा उठते. तोंडाची कोरड पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून कमी झाली, ती मला सगळ्यात आधी जाणवली. तळव्यांची आग आहे तशीच आहे.

हे काढ्यामुळे झालं का? मी तसं म्हणणार नाही. ह्याच तीन महिन्यांत माझ्या रोजच्या दोन पोळ्या कमी झाल्या नाहीत, एकच झाली, पण बिस्किटं गेली आणि मी रोज चाळीस मिनिटं चालले. सांगलीत माझ्याच्याने हे कधी झालं नव्हतं. ८.१ ची ७.४ व्हायला एवढं पुरू शकतं. साखर उतरली की लघवी आणि कोरड आपोआप कमी होते. काढ्याने त्यावर काही भर घातली असेल, नसेल. माझ्या एकटीच्या वहीतून ते निघत नाही. मात्र दर पंधरा दिवसांनी कुणीतरी वही उघडून विचारत होतं, पोळ्या किती, झोप किती, पाय कसे आहेत, ह्याचा उपयोग मला नक्की झाला, आणि त्याचे पैसे द्यायला मला वाईट वाटत नाही.

वनस्पतीत ताकद नसते असं मला अजिबात म्हणायचं नाही. आपली मेटफॉर्मिनच मुळात गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका रोपट्याच्या अभ्यासातून आली. १९२२ साली ती प्रयोगशाळेत बनली आणि १९५७ साली मधुमेहावर वापरली गेली. चिन्यांच्या हुआंग लिएन ह्या पिवळ्याजर्द कडू मुळात बर्बेरीन असतं, तेच आपल्या दारुहळदीत असतं. २००८ साली शांघायच्या डॉक्टरांनी ३६ नव्या मधुमेहींवर एक प्रयोग छापला, त्यात तीन महिन्यांच्या बर्बेरीनने एचबीएवनसी ९.५ वरून ७.५ वर आली, जवळपास मेटफॉर्मिनइतकी. चांगला आकडा आहे, पण माणसं ३६ आणि महिने तीन. आणि ज्यात ताकद असते त्यात धोकाही असतो. सिंगापुरात १९७८ पासून कित्येक वर्षं बर्बेरीनवर बंदी होती, कारण काही नवजात बाळांना त्याने तीव्र कावीळ होण्याचा संबंध दिसला होता. हुआंग लिएनवरची बंदी २०१६ साली उठली. म्हणून दारुहळदीची पूड ऑनलाइन मागवून चमच्याने खाणाऱ्यांनी, विशेषतः घरात गरोदर किंवा बाळंतीण असेल तर, जरा थांबावं.

ताकदीचा दुसरा प्रकार जास्त वाईट. चीनमध्ये श्याओ-खं ह्याच नावाच्या गोळ्या मिळतात, खूप खपतात. त्यात वनस्पती आहेत आणि त्याबरोबर दर गोळीत ०.२५ मिलिग्रॅम ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे साखर उतरवणारं अ‍ॅलोपॅथीचं औषध, आहे. चीनमध्ये हे जाहीर आहे, पाकिटावर छापलेलं असतं, त्यात फसवणूक नाही. पण ते चिनी अक्षरांत असतं. दहा गोळ्यांचा डोस घेतला की २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ह्याच औषधाच्या आपल्या डाओनिलची अर्धी गोळी. प्रवासातून कुणी भेट म्हणून आणलेलं पाकीट आपल्या घरी कोण वाचणार? आधीच ग्लिमेपिराइड, म्हणजे त्याच जातीची गोळी, चालू असलेल्या माणसाने ते "जडीबुटी" म्हणून घेतलं तर काय होईल?

आणि जे छापलेलंच नसतं त्याचं काय होतं ते सिंगापुराने पाहिलंय. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत इथल्या पाच सरकारी रुग्णालयांत मधुमेह नसलेली १५० माणसं साखर धोकादायक पडून दाखल झाली. सात जण बराच काळ बेशुद्धीत राहिले, त्यातले चार दगावले. पुरुषांच्या ताकदीच्या म्हणून विकल्या गेलेल्या बेकायदा गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड भरलेलं निघालं. हे मी वैद्यबाईंकडूनच ऐकलं, नंतर वाचलं. त्या म्हणाल्या, तेव्हापासून लेबल नसलेली कुठलीही डबी घेऊन रोगी आला तर मी नाडीला हात लावायच्या आधी डबी बाजूला काढायला लावते.

दीरांची गोष्ट मी त्यांना तेव्हाच सांगितली.

किडनीबद्दल एक वाक्य जास्तीचं लिहिते, कारण मधुमेहात किडनी आधीच भार सोसत असते. काही चिनी वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं, ते किडनीला घातक. नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या औषधांत एका मुळाच्या जागी नामसाधर्म्याने हे आम्ल असलेलं दुसरं गेलं, आणि त्यामुळे अनेक स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या. शास्त्रीय नाव मागा हा माझा आग्रह त्यासाठीच आहे. चिनी उच्चार सारखा असतो, वनस्पती वेगळी असते.

दुकानाबद्दल उरलेल्या तक्रारी. वेळ घेऊनही मला दोनदा दीड तासाच्या वर बसावं लागलं. इंग्रजी फक्त वैद्यबाईंना थोडं आणि त्या तरुण मुलाला येतं, आंटी नसत्या तर माझं कठीण होतं. सगळ्यात खटकलं ते हे: मागे वैद्यबाई इतक्या जबाबदारीने बोलतात आणि पुढे काउंटरवर "साखरेचा चहा" म्हणून रंगीत खोके मांडलेले. त्या मुलाने मला दोन खेपांना ते घ्यायचा आग्रह केला, वैद्यबाईंना न विचारता. मी खोका उलटून पाहिला, मक्याचे केस, तुतीची पानं, कारलं. विषारी काही नाही. पण ज्या दुकानात माझी चिठ्ठी आहे तिथे चिठ्ठीबाहेरचं काही माझ्या पिशवीत जाऊ नये. मी हे वैद्यबाईंना सांगितलं, तिसऱ्या खेपेला त्याने विचारलं नाही.

ज्यांना हा खर्च झेपत नाही आणि जे सिंगापुरात राहतात त्यांनी धर्मादाय संस्थांकडे जावं, असं आंटींचं म्हणणं. थोंग चाय ही त्यातली सगळ्यात जुनी, १८६७ सालची, जात-धर्म न बघता गरिबांना फुकट औषध देण्यासाठी काढलेली. तिची जुनी वास्तू यू टोंग सेन स्ट्रीटवर आजही उभी आहे. मी उपचाराला तिथे गेलेले नाही, बाहेरून पाहिली फक्त.

मी जाण्याचा सल्ला कुणाला देईन? ज्यांची साखर डॉक्टरांच्या गोळ्यांवर बऱ्यापैकी आवाक्यात आहे, घरी मीटर आहे, रोज लिहून ठेवायची तयारी आहे, आणि ज्यांना तहान-झोप-पोट अशा गोष्टींसाठी कुणाशी तरी निवांत बोलायचंय, त्यांना. इन्सुलिनवर असणाऱ्यांनी, किडनीचा रिपोर्ट बिघडलेल्यांनी, रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी नको. आणि गोळ्या बंद करायला मिळतील ह्या आशेने जाणाऱ्यांनी तर मुळीच नको. माझी एक गोळी थांबली ती डॉक्टरांनी थांबवली, आणि ती परत सुरू करावी लागू शकते हेही त्यांनी सांगून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात सांगलीला परतले. काढा आणला नाही, वैद्यबाईंनीच पुढच्या पुड्या बांधून द्यायला नकार दिला, तपासल्याशिवाय महिन्याभराचं देत नाही म्हणाल्या. चिठ्ठ्या मात्र सगळ्या आणल्या. आमच्या डॉक्टरांसमोर ठेवल्या तेव्हा त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचलं, पडवळाच्या मुळापाशी थांबले, पुन्हा वाचलं, आणि स्टेपलर मागवून चारही चिठ्ठ्या माझ्या फाइलला टाचल्या. मग म्हणाले, "बाई, चपला काढा. पाय बघू."